थंड फेरी

“काय मॅडम, आज तरी तिसरा गिअर टाकणार ना?”

यशोधन मोकाशीनं गाडीची काच खाली करून विचारलं आणि आजूबाजूचे चार-पाच जण हसले. मीही हसले. असं हसायला मी वर्षभर शिकत होते.

“प्रयत्न करते सर,” मी म्हणाले. “तुमच्यासारखं कुठलं जमायला आम्हाला.”

तो खूश झाला. खूश झाला की त्याची हनुवटी आत जायची आणि मानेवर एक घडी पडायची. मला त्या घडीचासुद्धा राग यायचा.

एप्रिलमधला रविवार होता, सकाळचे साडेआठ. निपाणीच्या पुढं, हद्दीपलीकडच्या एका माळावर कुण्या कारखानदारानं हौसेनं बांधलेला अडीच किलोमीटरचा ट्रॅक होता. दर तीन महिन्यांनी आमचा क्लब तो दिवसभरासाठी घ्यायचा. पुण्याचे, बेळगावचे, गोव्याचे हौशी लोक आपापल्या स्पोर्ट्‌स कार घेऊन यायचे आणि रस्त्यावर जे करता येत नाही ते इथं करायचे. शर्यत नसायची, बक्षीस नसायचं. नवख्यांचा एक गट, जाणत्यांचा एक, आणि वीस-वीस मिनिटं आलटून पालटून गाडी पळवायची. यशोधन जाणत्यांत होता. पुण्यात त्याचा औषधांचा कारखाना होता आणि दर वर्षी नवी गाडी. मी नवख्यांत होते. कोल्हापुरात पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवणारी छत्तीस वर्षांची बाई, आणि माझ्याकडं होती अपघातात चेपलेली, सेकंडहँड घेऊन उभी केलेली दोन सीटची निळी गाडी.

ती उभी केली होती माझ्या वडिलांनी. दत्तोबा सुतार, उद्यमनगरात सगळे आण्णा मिस्त्री म्हणायचे. त्या सकाळी ते पत्र्याच्या शेडखाली आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसून होते. खाकी शर्ट, पांढरी टोपी, हात मांडीवर. एके काळी अशा दिवशी त्यांना बसायला सवड मिळायची नाही. आण्णा जरा आवाज ऐका, आण्णा जरा चाक बघा, असं चालायचं. आता कुणी त्या शेडच्या बाजूला फिरकत नव्हतं.

त्याला कारण हा काच खाली करून हसणारा माणूस.

आदल्या वर्षी, याच ट्रॅकवर, आण्णांनी त्याच्या गाडीच्या ब्रेकचं काम केलं होतं. नवं ब्रेक ऑइल भरलं, चारही चाकांची हवा काढली. ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल दाबल्यावर तो बुडबुडाच दबतो आणि गाडी काही थांबत नाही, म्हणून ती हवा काढावी लागते. आण्णांनी हे काम चाळीस वर्षं केलेलं. सकाळच्या फेऱ्यांत गाडी छान थांबत होती. दुपारी मात्र लांब सरळ रस्त्याच्या टोकाला यशोधननं पेडल दाबलं, ते तळाला गेलं, आणि गाडी टायरांच्या भिंतीत घुसली. गळपट्टीचं हाड मोडलं त्याचं. जीव वाचला.

दोन तासांनी हात गळ्यात बांधून तो जेवणाच्या हॉलमध्ये आला आणि चाळीस माणसांसमोर म्हणाला, “या म्हाताऱ्यानं हवाच काढलेली नव्हती. मी मेलो असतो आज.”

आण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. “सायेब, हवा काढलीती मी. चारी चाकांची.”

“मग मी काय खोटं बोलतोय?”

आण्णा टोपीची घडी घालत राहिले. मोठ्या माणसाला खोटं म्हणायची त्यांना सवय नव्हती. क्लबाचे सेक्रेटरी वसगडेकर, जे सांगलीला दातांचे डॉक्टर होते, त्यांनी मला बाजूला घेतलं आणि दाढ काढण्याआधी बोलतात तशा मऊ आवाजात सांगितलं, “पुढच्या वेळेपासून वडिलांना दुसऱ्यांच्या गाड्यांना हात लावू देऊ नका. वय झालंय.”

गिऱ्हाईक तुटलं, ते एक सोसता आलं असतं. मला सोसलं नाही ते दुसरंच. आण्णांचा स्वतःवरचा भरवसा गेला. एकदा आवळलेला नट ते तीनतीनदा आवळून बघायला लागले. गिऱ्हाइकाच्या घरी फोन करायचे, “गाडी थांबतीया न्हवं नीट?” जेवताना मध्येच घास धरून बसायचे आणि म्हणायचे, “ऱ्हायला असंल गं एखादा बुडबुडा. डोळं बी पैल्यासारखं न्हाईत.” आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळं हे ऐकायला मीच. अशा वेळी माझं डोकं असं उठायचं की समोरचं ताट भिंतीवर फेकावंसं वाटायचं.

मग क्लबानं त्या दिवसाच्या फोटोंची आणि चित्रणाची सीडी पाठवली. त्यात अपघाताच्या जरा आधीचा, सहा मिनिटांचा एक तुकडा होता. यशोधन भरधाव फेऱ्या मारून थेट आत आलाय, गाडी चालू ठेवून आत बसलाय आणि खिडकीशी उभ्या दोन मुलींना हातवारे करून काहीतरी सांगतोय. सहा मिनिटं. आणि त्या सहाच्या सहा मिनिटं गाडीचे मागचे लाल दिवे लागलेले. म्हणजे पाय ब्रेकवर दाबून ठेवलेला.

ते बघून मी खुर्चीतून उठलेच. कारण आण्णांनी गाडी शिकवताना मला पहिला धडा हाच दिला होता.

“जनावर पळवून आणलं की लगीच दावणीला बांधतेत काय? जरा फिरवत्यात. गाडीचं बी तसंच. शेवटची फेरी थंड मारायची, ब्रेकला न शिवता. आत आलीस की ब्रेकवरचा पाय काढ आन्‌ चाकाला वीट लाव.”

“आणि पाय ठेवला तर?”

“तर चाकाची तापल्याली डिस्क ब्रेकच्या पॅडला चिकटून ऱ्हाती. सगळी आग तेलात. तेल उकळतंय, त्याची वाफ हुती. पाय दाबून हाईस तवर कळत न्हाई. पाय काढलास आन्‌ परत दाबलास, की संपलं. पेडल तळाला.”

मी ते चित्रण घेऊन सांगलीला वसगडेकरांच्या दवाखान्यात गेले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “लाल दिवा लागला म्हणून काय सिद्ध होतं हो? उगीच साप साप म्हणून भुई धोपटू नका.” मग आण्णांना दाखवलं. त्यांनीही बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाले, “दिवा कुणाचा बी लागतोय. जाऊ दे. माझाच हात चुकला असंल.”

सरळ वाट संपली होती. त्या संध्याकाळी मी ठरवलं की या माणसाला त्याच भिंतीत घालायचं, त्याच्याच पायानं. उगाच सोज्वळपणा आणून सांगण्यात अर्थ नाही. मला तेच हवं होतं. पेडल तळाला जाईल त्या क्षणी त्याला कळावं, एवढं मी मनात रंगवलेलं होतं. त्यापुढं त्याचं काय होईल याचा विचार मी केला नव्हता, म्हणजे करायचं टाळलं होतं.

चेपलेली निळी गाडी घेतली ती त्यासाठी. क्लबात नाव घातलं ते त्यासाठी. आण्णांना वाटलं पोरीला नाद लागला, आणि त्या नादापायी का होईना ते परत हत्यारांना हात लावायला लागले. सहा महिने आम्ही दोघं त्या गाडीखाली आडवे होतो. यशोधनला मी भेटले तेव्हा म्हणाले, “झालं गेलं विसरून जाऊ सर, वडिलांचं वय झालंय.” तो म्हणाला, “तुमचा मोठेपणा आहे.” त्याची सवय बदलली नव्हती हे मी दोन वेळा लांबून बघून घेतलं. उलट या वर्षीची त्याची गाडी क्लच नसलेली, दोनच पेडलची. गिअरात उभी ठेवायची तर पाय ब्रेकवर हवाच.

त्या रविवारी अकराच्या सुमाराला जाणत्यांचा गट आत होता. ऊन मी म्हणत होतं. शेवटच्या वळणावर गोव्याच्या एकाची गाडी घसरून कडेच्या खडीत गेली आणि ट्रॅकभर खडी झाली. लाल झेंडे निघाले. सगळ्यांना आत बोलावून रांगेत उभं केलं, दहा मिनिटांत झाडून पुन्हा सोडतो म्हणून. थंड फेरीचा प्रश्नच नव्हता, सगळे तापलेले होते तसेच आत आले. जाणत्या लोकांनी गाड्या बंद केल्या, पाय काढले, कुणी दार उघडून पाणी प्यायलं.

रांगेत पहिला यशोधन होता. सुटल्याबरोबर सर्वांत पुढं निघायचं, म्हणून गाडी चालू, गिअरात, एसी लावलेला. मागचे दोन्ही दिवे लालभडक.

मी हेल्मेट हातात घेतलं आणि त्याच्या खिडकीपाशी गेले.

“सर, एक विचारू का? ते शेवटचं वळण तुम्ही कसं घेता हो? मी मघाशी बघत होते. अंगावर काटा आला.”

“कुठलं? डोंगराकडचं?”

“हो तेच. मला तर तिथं धडकीच भरते.”

त्यानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणूस तयारच होता, मला फक्त बुंधा धरून उभं राहायचं होतं. तो सांगत सुटला. डावीकडून कसं आत जायचं, कुठल्या खांबाशी ब्रेक मारायचा, लोक भितात आणि लवकर मारतात, तो मात्र शेवटच्या क्षणी मारतो. मी मान डोलवत होते. चाकांजवळून जळका वास यायला लागला होता, डांबर तापल्यासारखा. कार्यालयाच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. दोन मिनिटं झाली होती.

“आणि सरळ रस्त्यावर किती वेग जातो तुमचा?”

“मघाशी दोनशे चार लागला. आता पुन्हा सुटलो की दोनशे दहा.”

“बाई गं!” मी म्हणाले. “भीती नाही वाटत? मागच्या वर्षीनंतर?”

त्याचा चेहरा जरा बदलला. “वाटते ना. खोटं कशाला सांगू. महिनाभर झोप नव्हती. अजून त्या टोकाला आलो की पाय थरथरतो. पण सोडून दिलं तर मग काय उरलं?”

हे मी अपेक्षिलं नव्हतं. माझ्या मनातला यशोधन मोकाशी असं बोलत नसे. मी घड्याळाकडं बघितलं. चार मिनिटं.

तो स्वतःच म्हणाला, “वास येतोय का हो? गाडी बंद करावी जरा. तापलीय.” आणि त्याचा हात बटणाकडं गेला.

मी वर्षभर जे केलं ते सगळं एकीकडं आणि पुढचं वाक्य एकीकडं. ते वाक्य मी अगदी सहज बोलले.

“बंद कशाला करता सर? ते बघा, झाडू घेऊन परतच यायला लागलेत. आणि एसी बंद झाला तर घामानं हेल्मेट ओलं होईल तुमचं. वास त्या मागच्या गाडीचा आहे.”

त्यानं हात मागं घेतला.

“हो, तेही आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा वळणाचं सांगू लागला.

मला आनंद झाला. छाती भरून आली म्हणावं असा आनंद. जेवणाच्या हॉलमध्ये टोपी धरून उभे असलेले आण्णा माझ्या डोळ्यासमोर होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, अजून बोल. सहा मिनिटं झाली. सात झाली.

तेवढ्यात माझ्या हातातलं हेल्मेट कुणीतरी ओढलं.

आण्णा होते. शेडपासून तिथवर ते कधी चालत आले मला कळलं नाही. त्यांनी एकदा मागच्या लाल दिव्यांकडं बघितलं आणि एकदा माझ्याकडं. मग टोपी काढून माझ्या हातात दिली आणि माझं हेल्मेट डोक्यात घातलं.

“आण्णा, काय करताय?”

गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या खिडकीशी वाकले. “सायेब, म्हाताऱ्याला एक फेरी फिरवून आणता काय? बरंच दिस मनात हाय.”

क्लबात हे चालायचं. हेल्मेट घालून कुणालाही बाजूला बसवता यायचं. पण आण्णा गेल्या वर्षापासून त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. यशोधन गोंधळला, ओशाळलाही असावा. “बसा की आण्णा, बसा. विचारताय काय.”

आण्णा बसले. पट्टा ओढून लावला, दोनदा हिसडून बघितला. आणि मग काचेतून माझ्याकडं बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त थांबले होते.

“चला सायेब,” ते म्हणाले. “चांगली जोरात हाणा.”

शिट्टी झाली. रांगेच्या टोकाला माणसानं हिरवा झेंडा वर केला. यशोधननं हेल्मेट चढवलं, काच वर घेतली. पाय निघाला असावा, कारण लाल दिवे विझले आणि गाडी हलकेच पुढं सरकली.

“थांबा!” मी ओरडले, पण काच बंद होती आणि मागची इंजिनं सुरू झाली होती. मी धावले आणि गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पसरून.

मला बघून त्यानं ब्रेक दाबला. दाबलेला मी बघितला, त्याचा खांदा खाली गेला. गाडी थांबली नाही. ती तशीच सरकत आली, तिचा पुढचा भाग माझ्या गुडघ्यांना लागला आणि मी बॉनेटवर पालथी पडले. मग खर्रकन आवाज आला. आण्णांनी हँडब्रेक वर ओढला होता. त्याची तार वेगळी असते, तिला तेल लागत नाही.

गाडी उभी राहिली. मागच्या गाड्या एकेक करून बंद झाल्या.

यशोधननं काच खाली केली. चेहरा पांढराफटक. “पेडल,” तो म्हणाला. “पेडल खाली गेलं.”

“परत दाबा,” आण्णा म्हणाले.

“जातंय. पार तळाला जातंय.”

“मागल्या साली असंच गेलतं?”

“हो. असंच. अगदी असंच.”

“तवा ब्रेक मी केलतं. औंदा कुणी केलं?”

“पुण्यात. मोठ्या वर्कशॉपमध्ये.”

“मग त्यांनी बी हवा काढली न्हाई म्हणायची.”

आण्णांनी हेल्मेट काढलं, पट्टा सोडला आणि अगदी हळू, शाळेत सांगावं तसं त्याला सांगितलं. तापलेली डिस्क, पॅड, तेल, वाफ. कुठं पाय ठेवायचा नाही आणि का. तोवर वसगडेकर आले होते, आणखी पंधरा-वीस माणसं जमली होती. सगळ्यांनी ऐकलं. बोलता बोलता आण्णांचा आवाज मोठा होत गेला, आणि मला कळलं की ते सगळं पहिल्यांदा स्वतःलाच सांगतायत. त्यांचा हात चुकला नव्हता.

यशोधन हुशार माणूस होता. त्याला दोन्ही वर्षांची बेरीज करायला वेळ लागला नाही. तो माझ्याकडं वळला.

“मी गाडी बंद करत होतो. तुम्ही करू दिली नाहीत.”

“नाही दिली.”

“तुम्हाला माहीत होतं हे.”

“माहीत होतं.”

“म्हणजे तुम्ही मला...”

“हो,” मी म्हणाले. गुडघे ठणकत होते, आण्णांची टोपी अजून माझ्या हातात होती. “तुम्ही माझ्या बापाला चाळीस माणसांत खोटं पाडलंत. मला तुम्हाला त्या भिंतीत घालायचं होतं.”

वसगडेकरांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. बोलायची हिंमत फक्त आण्णांना होती, आणि ते बोलले ते गाडीबद्दल.

“अर्धा तास निवू द्या हिला. मग तेल बदलून हवा काढतो. पेटी आना कुणीतरी माझी.”

हवा काढणं हे दोन माणसांचं काम. एकानं चाकाशी बसून हवा सोडायचा बारीक निपल उघडायचा, दुसऱ्यानं आत बसून हाकेसरशी पेडल दाबायचं. मी सात वर्षांची असल्यापासून आण्णांच्या प्रत्येक गाडीत पेडलवर मी बसत आलेले. पाय पुरत नव्हता तेव्हा सीटच्या कडेला सरकून बसायचे. म्हणून अर्ध्या तासानं, आण्णा चाक काढून नळी लावून तयार झाले तेव्हा मी न सांगता दार उघडलं आणि बसायला वाकले.

“तू नको,” आण्णा म्हणाले.

मी तशीच वाकलेली.

“सायेब, तुमी बसा.”

यशोधन बसला. आण्णांनी चाकामागून हाक दिली, “दाबा.” मग, “धरा.” मग, “सोडा.” नळीचं टोक काचेच्या बाटलीत होतं. त्यातून बुडबुडे येत होते, बारीक, पांढरे, संपता संपेनात. भोवती उभी असलेली माणसं वाकून बघत होती. मी मागं, शेडच्या खांबाला टेकून उभी होते. तिसऱ्या चाकापाशी यशोधन आतून, कुणाकडंही न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आण्णा, मागच्या वर्षी मी चारचौघांत बोललो. आज चारचौघांत सांगतो. चूक माझी होती.”

“धरा,” आण्णा म्हणाले. “सोडू नका अजून.”

वसगडेकरांनी माझं नाव क्लबातून त्याच दुपारी काढलं. यशोधननं पोलिसांत जाऊ नये म्हणून त्याला कुणी समजावलं की तो स्वतःच गेला नाही, मला कधी कळलं नाही.

परत येताना निळी गाडी मी चालवत होते. कागल येईपर्यंत आण्णा बाहेर बघत बसले होते. शेवटी मलाच राहवेना.

“तुमचं नाव परत आलं, आण्णा.”

“आलं.”

“मग असे का बसलाय?”

“त्यानं केलं ती चूक हुती, माले. त्याला ठावंच न्हवतं. तू केलंस त्यात एक चूक न्हाई. सगळं मी शिकवल्यालं, सगळं बरोबर ध्यानात ठेवलंस.”

“तुमच्यासाठी केलं मी.”

“मी बसलो नसतो त्या गाडीत, तर?”

आण्णांसमोर खोटं बोलायची मला सवय नव्हती. मी गिअर बदलला आणि रस्त्याकडं बघत राहिले.

आण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. उद्यमनगरात आमच्या दारासमोर पुन्हा गाड्यांची रांग लागली, अगदी गोव्यापासूनच्या. नट ते परत एकदाच आवळायला लागले. माझ्याशी ते नेहमीसारखं बोलायचे, जेवायचे, माझ्या गाडीचं सगळं काम करायचे. पण कुठल्याही गाडीच्या ब्रेकचं काम निघालं की म्हणायचे, “तू जा आत.”

यशोधन मोकाशी दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून यायचा. गाडीला काही झालेलं नसायचं तरी यायचा. पेडलवर तोच बसायचा, इतरांच्या गाड्यांतसुद्धा. बाहेरून आण्णांची हाक ऐकू यायची, दाबा, धरा, सोडा, आणि मी आत चहा टाकायचे. त्याच्या कपात मी कधी साखर घातली नाही. त्यानंही कधी मागितली नाही.